बासष्ट नंबर राखीव

मागच्या सुट्टीत तुम्ही दोघं आलात, तेव्हा वाशीम रस्त्यावरच्या एका निळ्या घरासमोर गाडी थांबवून तुम्ही फोटो काढला होता. ओट्यावर पाण्याचा रांजण, त्याच्या वर भिंतीवर तेलरंगात लिहिलेलं 'वायफाय', आणि खाली इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, पासवर्ड: पाणी पेऊन जा. तुम्ही पुष्कळ हसलात. मी म्हणाले होते की या घराबद्दल सावकाश लिहून पाठवीन. बोलून सांगताना माझा क्रम चुकतो, आणि त्या घरातल्या माणसाबद्दल घाईने सांगणं मला बरं वाटलं नसतं.

त्या घरातले सर आमच्या मालेगावच्या शाळेत भूगोल शिकवत, मी इंग्रजी. लग्न होऊन मी नागपूरहून इथे आले, इथेच नोकरी केली, इथेच निवृत्त झाले. पण सरांनी मला शेवटपर्यंत 'नागपूरच्या बाई' म्हटलं. कोणाचीही ओळख ते गावावरून करून देत. शिपाई म्हणजे 'अनसिंगवाले'. हेडमास्तर बदलून आले की पहिला प्रश्न, "तुमी कुठचे?" आणि एकदा उत्तर मिळालं की त्या माणसाचं नाव त्यांच्या लेखी संपलं. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून असे आणि ती कोणी हलवली तर ते बसत नसत, उभ्यानेच पेपर तपासत. भांडत नसत. खुर्ची मूळ जागी आली की मुकाट्याने बसत.

त्यांची सर्वांत मोठी सवय म्हणजे खडू. शर्टाच्या खिशात नेहमी एक तुकडा असे आणि कुठूनही निघताना ते दारावर लिहून जात. स्टाफरूमच्या दारावर रोज वाचायला मिळे: 'आठवी ब. मग मुतारी. मग इथेच.' हेडमास्तरांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की मधलं वाक्य गाळत चला, मुलं वाचतात. सर शांतपणे म्हणाले, "तेही ठिकाणच हाये, साहेब." घराच्या दारावरही तसंच. 'बाजारात. येतो.' 'मानोऱ्याले. मुक्काम.' दाराच्या फळीवर जुनी अक्षरं पुसून नवी लिहून लिहून पांढरट पट्टा पडला होता.

याचं कारण मला फार उशिरा कळलं, शाळेची सहल परत येत असताना. मुलं झोपली होती. सर म्हणाले, "बाई, तुमाले वाटत असंल, हा मानूस येडा हाये."

मी म्हणाले, "थोडंसं वाटतं."

त्यांना हसू आलं. मग त्यांनी सांगितलं. त्यांचा तांडा मानोऱ्याकडचा. ते आश्रमशाळेत राहून शिकत. एका वर्षी दिवाळीला घरी आले तर दाराची कडी तारेने बांधलेली, कोंबड्यांचा खुराडा रिकामा. आईबाप उसाच्या तोडीला गेले होते. ट्रक ठरल्यापेक्षा आधी आला होता आणि शाळेत निरोप द्यायला जो निघाला होता, तो पोचलाच नव्हता. शेजारच्या म्हाताऱ्या बाईला कारखान्याचं नाव ठाऊक नव्हतं. तिच्याकडे चार दिवस भाकरी खाऊन पोरगं पायी शाळेत परत गेलं. आईवडील दिसले ते हंगाम संपल्यावर.

"दारावर कोळशानं दोन अक्षरं असती ना, तरी झालं असतं," सर म्हणाले. मग जरा वेळाने, "पन लिवता कोनाले येत होतं?"

त्यानंतर मी त्यांच्या खडूला कधी हसले नाही.

दुसरी सवय आवाजांची. नोकरीला लागल्यावर त्यांनी एक टेपरेकॉर्डर घेतला आणि तांड्यावर गेले की तो चालू करून मध्ये ठेवू लागले. लोकांना वाटे, गाणी भरून घेत असतील. गाणीही होती, पण बहुतेक साधं बोलणं होतं. सासूबाई सुनेला बोलतायत, कोणाची तरी बकरी सापडत नाही, पीठ संपलंय, म्हातारे पानतंबाखूवरून एकमेकांना डिवचतायत. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला सरांचा आवाज, वर्गात हजेरी घ्यावी तसा: "हा आपला तांडा. सकाळची वेळ. समोर इची माय बसली हाये, बाजूले भाऊ. मी इथंच आहो."

मी एकदा विचारलं, "सर, रेकॉर्ड तुम्हीच करताय. तुम्ही तिथे आहात हे वेगळं कशाला सांगायचं?"

"ऐकनाऱ्याले काय दिसते, बाई?" ते म्हणाले.

या कॅसेटी घरात कोणी ऐकत नसे. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, कॅसेटमधली 'इची', तर कुरकुर करत: "माह्या मायच्या शिव्या भरून ठेवल्या यानं. पेटीभर शिव्या." वहिनी कष्टाळू आणि टापटीप. रांजण त्यांचाच. उन्हाळा असो की हिवाळा, सकाळी तो घासून, भरून, वर ओलं फडकं टाकल्याशिवाय त्या चहा घेत नसत. एसटी समोरच थांबते, प्रवासी पाणी प्यायचे. भिंतीवरचं वायफाय ही पुढे सरांची भर. ते म्हणाले, आता माणसाला नुसती तहान लागत नाही. पोचलो म्हणून घरी कळवायचंही असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिच्यात थोडं यंत्रांचं आहे, पण ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आम्ही निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी वहिनींना विसर पडू लागला. आधी मीठ दोनदा पडायचं. मग नावं गेली. मग हळूहळू मराठीच गेली आणि लहानपणची तांड्याची बोली, गोरमाटी, तेवढी उरली. मी गेले की हात धरून बसवत, हसत, पण आमच्यात भाषा राहिली नव्हती. दिवसभर त्या ठीक असत. दुपार कलली की अस्वस्थ होत. त्यांना वाटे, तांडा तोडीला निघून गेला आणि आपण मागे राहिलो. मग त्या उठून थेट रस्त्याकडे चालू लागत. समोर वाशीम रस्ता, त्यावर ट्रक आणि मोटारसायकली. दोनदा लोकांनी हाताला धरून परत आणलं. कडी लावली तर दारावर मुठी आपटत. सरांनी एकदाच कडी लावली. पुन्हा लावली नाही.

त्या कॅसेटी तेव्हा उपयोगी पडल्या. एका दुपारी सरांनी सहज एक लावली, आणि वहिनी निघता निघता थांबल्या. आईचा आवाज येत होता. भाऊ खोकत होता. बकरी हरवली होती. म्हणजे तांडा इथेच होता, कोणी कुठे गेलं नव्हतं. त्या खाटेवर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिल्या.

कॅसेटी झिजत चालल्या होत्या. तेव्हा सरांनी वाशीमहून सगळं उतरवून घेतलं आणि एक काळी पेटी आणली, विटेएवढी. घरातल्या घरात आवाज आणि फोटो साठवून ठेवणारी. पेटी आतल्या खोलीत, समोर टीव्ही. बटण दाबलं की टीव्ही पेटीकडून आवाज मागून घेई. सर मला पेटी दाखवत म्हणाले, "सारा तांडा आला ह्याच्यात. बकऱ्यायसकट."

अडचण सुरू झाली ती लाईन, म्हणजे वीज, जाण्याने. घरातला राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडा देतो. पुढचा भाग सगळ्यांना सारखा, शेवटचा ज्याचा त्याचा. टीव्ही पेटीला त्या आकड्यावर शोधतो. लाईन जाऊन आली की राउटर सगळं विसरे आणि जो आधी येईल त्याला आकडे वाटत सुटे. पेटी जागी व्हायला वेळ घेई. तोवर बसथांब्यावरचे चार मोबाईल तिच्या आधी रांगेत. पेटीला भलताच आकडा मिळे, टीव्ही जुन्याच आकड्यावर दार वाजवत बसे, आणि पडद्यावर यायचं की सापडत नाही. मग सर चष्मा चढवून नवा आकडा शोधत आणि रिमोटने एकेक अक्षर टीव्हीत भरत. तेवढ्यात वहिनी उठलेल्या असत. आमच्याकडे लाईन किती जाते ते तुम्ही पाहिलंच आहे. सर घराबाहेर पडेनासे झाले. दारावर खडूने काही लिहिण्याची वेळच येत नसे.

तुम्ही म्हणाल, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी वेगळं जाळं का नाही केलं? त्या जुन्या राउटरात ती सोय नव्हती.

सरांनी आपल्या बुद्धीने उपाय काढला. पेटीच्या सेटिंगच्या पानावर जाऊन त्यांनी तिला कायमचा आकडा लिहून दिला: बासष्ट. टीव्हीलाही बासष्ट सांगितला. दोन आठवडे सगळं नीट चाललं. ते मुद्दाम मला सांगायला घरी आले, येताना दारावर लिहून: 'नागपूरच्या बाईकडे. येतो.' फार दिवसांनी ते माणसात आल्यासारखे दिसत होते.

मग दसऱ्यानंतरची ती दुपार. मानोऱ्याकडून तोडीचा ट्रक आला आणि पाण्यासाठी सरांच्या घरासमोर थांबला. पोरंबाळं, भांडी, गाठोडी, मागच्या हौद्यात बायका. माणसं उतरली, बाटल्या भरल्या, भिंतीवरचं वाचून मोबाईल जोडले. पुढे सहा महिने घर नाही, म्हणून प्रत्येकजण कोणाला तरी बोलून घेत होता. लाईन नुकतीच जाऊन आली होती. आत सरांनी टीव्ही लावला. सापडत नाही. आकडा बरोबर होता, पेटीचा दिवा जळत होता, तरी सापडत नाही. ते दाराकडे पाठ करून रिमोटशी झटत राहिले. मागे वळले तेव्हा खाट रिकामी होती आणि ट्रक निघून गेला होता.

मला सरांचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "बाई, हे कुठीच दिसून नाही राह्यली."

तुमचे आजोबा मोटारसायकल घेऊन एका बाजूला गेले, मी सरांजवळ गेले. विहीर पाहिली, शेजारची घरं पाहिली. ट्रकचं कोणाच्याच मनात आलं नाही. सर ओट्यावर उभे होते. खिशातला खडू त्यांनी काढला होता आणि तो नुसता हातात धरून ते दाराकडे पाहत होते. काय लिहायचं, ते सुचत नव्हतं.

मेहकरच्या बाजूने तोच ट्रक परत येताना दिसला. एवढा भरलेला ट्रक उलटा वळवून आणणं सोपं नसतं, आणि त्यांना मुक्कामाला पोचायचं होतं. केबिनमधून मुकादम उतरला, मजुरांना तोडीला नेणारा.

"सर, वळखलं का? भूगोलात नापास केलं होतं तुमी मले."

"मंग रस्ता कसा सापडला तुले?" सर म्हणाले, पण नजर हौद्यावर होती. वहिनी गाठोड्यांवर बसल्या होत्या, एका बाईचं लेकरू मांडीवर घेऊन. त्यांचा चेहरा इतका निवांत मी वर्षभरात पाहिला नव्हता.

"आमाले वाटलं त्याईची माय, त्याईले वाटलं आमची," मुकादम सांगत होता. "लय लांब गेल्यावर एका बाईनं इचारलं, कोनाच्या वो तुमी? तवा एक पोरगी म्हने, हे त रांजनाच्या घरची."

वहिनी उतरायला तयार नव्हत्या. कोणी हात लावला की लेकरू घट्ट धरत. सरांनी सगळ्यांना बाजूला केलं आणि चाकावर पाय देऊन स्वतः वर चढू लागले. दोघांनी खालून ढकललं. ते वहिनींशेजारी गाठोड्यावर बसून राहिले. ट्रक उभाच. मुकादम खालून म्हणाला, "सर, आता तुमी नि काकू मिळून एक कोयता धरतो मी." तोडीच्या कामात नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. बायका हसल्या.

"धर," सर म्हणाले. "पन इच्या बरोबरीनं मले तोडता नाही येनार."

मग ते वहिनींच्या कानाशी त्यांच्या बोलीत काहीतरी बोलले. वहिनींनी लेकरू त्याच्या आईकडे दिलं आणि स्वतः उठल्या. काय सांगितलं, ते मी नंतर विचारलं. "दार उघडंच टाकून आलो, म्हनलं. कोंबड्या मोकळ्या हायेत. कोंडून येऊ."

ट्रक गेल्यावर जमलेली माणसं एकाच सुरात बोलू लागली: ते भिंतीवरचं पुसून टाका. त्या मोबाईलमुळेच घोटाळा होतो. खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. सर म्हणाले, "ज्याईनं वापस आनून देली, त्याईचंच पानी तोडू?"

दुसऱ्या दिवशी ते राउटरचं इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आले. "बाई, तुमी इंग्रजीच्या. हे पहिल्या पानापासून वाचा. काही गाळू नका." सकाळभर मी वाचून अर्थ सांगत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. आकडे कोणत्या टप्प्यातून वाटले जातात, त्या पानावर आले तेव्हा त्यांनी हात वर केला, वर्गातल्या मुलासारखा.

"थांबा. आमच्या होस्टेलात थाळ्या होत्या," ते म्हणाले. "माही बासष्ट नंबरची. मी खिळ्यानं तिच्यावर नाव कोरलं. पन वाढप्याले कोनं सांगतलं? नवा पोरगा आला, त्यानं माही थाळी उचलून त्याले देली. दोघं एकाच थाळीसाठी भांडलो, नि दोघंही उपाशी राह्यलो."

तेच झालं होतं. पेटीला आपला आकडा ठाऊक होता. राउटरला ठाऊक नव्हतं की तो कोणाचा आहे. त्याने बासष्ट नंबर ट्रकमधल्या कोणाच्या तरी मोबाईलला देऊन टाकला होता. एका आकड्यावर दोघं, म्हणून टीव्हीला कोणीच सापडेना.

"म्हणजे पेटीवर लिहून भागणार नाही," मी म्हणाले. "वाढप्यालाच सांगावं लागेल."

पुस्तकात ती रीत होती. प्रत्येक यंत्राच्या पोटावर कारखान्यातच छापलेली एक ओळख असते, कधी न बदलणारी. ती राउटरच्या पानावर लिहून सांगायचं की या ओळखीचं यंत्र येईल, तेव्हा त्याला हाच आकडा द्यायचा. ते यायला उशीर झाला तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही. आम्ही त्यांच्या घरी जाऊन ते केलं. पेटीत लिहिलेला आकडा काढून टाकला, म्हणजे तीही इतरांसारखी राउटरकडेच मागेल. सरांनी पेटी उलटी धरून ओळख वाचली, मी लिहिली. पहिल्या खेपेला जमलं नाही. त्यांनी इंग्रजी बी ला आठ म्हटलं होतं. मी पेटी हातात घेऊन पुन्हा वाचली, आणि शेवटी पडद्यावर ओळ आली: बासष्ट, राखीव.

सरांचा त्यावर विश्वास नव्हता. त्यांनी मेन स्विच पाडला, मग ओट्यावर जाऊन एसटीची वाट पाहणाऱ्यांना सांगितलं, "सगळ्याईनं आपापले मोबाईल जोडा. लाजू नका." कॉलेजच्या पोरी, एक कंडक्टर, बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसं. एक आजोबा म्हणाले, "माह्याजवळ साधा हाये, चालते का?" सर म्हणाले, "तुमी पानी प्या." स्विच वर केला. मोबाईल जोडले गेले. पेटी आपल्या संथपणाने सर्वांत शेवटी जागी झाली. सर टीव्हीसमोर उभे. आणि आवाज आला: "हा आपला तांडा. सकाळची वेळ."

सरांनी खिशातून खडू काढून टीव्हीच्या वर भिंतीवर '६२' लिहिलं आणि ते खाली बसले. बाहेरून कंडक्टरने विचारलं, "झालं का हो काका?" त्याला मीच उत्तर दिलं.

त्यानंतरचं दीड वर्ष चांगलं गेलं. टीव्ही दुपारी, आणि लाईन जाऊन आली की पुन्हा, आपोआप लागावा अशीही त्यांनी सोय केली. वहिनींची भाची मदतीला येऊन राहिली. दारावर पुन्हा खडूची अक्षरं दिसू लागली.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखू लागलं. गाडी दाराशी आली तरी ते आधी फळीजवळ गेले. भाची सांगते, अक्षरं वाकडी आली म्हणून त्यांनी पुसून पुन्हा लिहिली: 'वाशीमले. वापस येतो.'

मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांना धाप लागत होती. त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, वहिनींकडे बघा, असं सांगतील.

"नागपूरच्या बाई, लाईन गेल्ती का आज?"

"गेली होती," मी म्हणाले. मी त्यांच्या घरूनच निघाले होते.

"मंग?"

"आली. टीव्ही लागला."

"हां," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी गेले.

तेराव्याच्या आदल्या दिवशी भाचीने सगळं घर धुऊन काढलं. दाराची ती एक फळी तिने कोरडी ठेवली. पावसाने ती अक्षरं पुढे आपोआप गेली.

मी अजून आठवड्यातून एकदा जाते. परवा गेले तेव्हा लाईन नव्हती. वहिनी खाटेच्या कडेला येऊन बसल्या होत्या, पाय जमिनीवर, चप्पल शोधत. भाची दारात उभी. मीही उभी राहिले. पंखा हलला. बाहेर थांब्यावर कोणीतरी मोबाईलवर मोठ्याने सांगत होतं की मी मालेगावला पोचलो. पेटीचा दिवा लुकलुकत राहिला, मग स्थिर झाला, आणि टीव्हीतून तो हजेरी घेणारा आवाज आला. हा आपला तांडा. सकाळची वेळ. समोर इची माय बसली हाये, बाजूले भाऊ. मी इथंच आहो.

वहिनींनी पाय वर घेतले, आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून भिंतीकडे सरकून बसल्या.